माळावरचं झाकण: बिळात राहणारा कोळी शोधायचा कसा आणि त्याची नोंद ठेवायची कशी

पहिलं झाकण मला दाखवलं ते मेंढरं राखणाऱ्या एका मामांनी. घरात कन्नड, बाजारात मराठी, असं आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग-अथणीकडच्या बहुतेकांचं असतं, तसंच त्यांचं. मी गायरानातून पक्षी बघत चाललो होतो. मामांनी काठी आडवी धरली आणि म्हणाले, "सर, हितं पाय देऊ नगासा. आत कोणतरी ऱ्हातंय." मी खाली बघितलं तर तांबडी माती, दोन खडे, वाळलेलं कुसळी गवत, एवढंच. त्यांनी काठीचं टोक नेलं तिथं नजर लावली तेव्हा मातीत एक बारीक अर्धगोल रेघ दिसली, नखाची खूण उमटावी तशी. ती रेघ म्हणजे दाराची कड होती.

त्या दिवसापासून मी ही दारं मोजतोय. आपल्या भागातल्या कुणालाही हे काम जमण्यासारखं आहे. त्याला महागडं साहित्य लागत नाही, प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती न खणण्याची शिस्त. पुढचं सगळं त्या एका शिस्तीभोवती आहे.

आत राहतं कोण

आपण घरात बघतो त्या कोळ्यांपेक्षा हा वेगळ्या घराण्यातला. घरातल्या कोळ्याचे सुळे चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात, याचे टिकावासारखे वरून खाली येतात. पोटाखाली श्वसनाच्या अवयवांच्या दोन जोड्या असतात. सुळ्यांच्या बुडाशी राठ काट्यांची रांग असते, तिनं तो माती उकरतो. उकरलेलं बीळ आतून रेशमानं लिंपून घेतो आणि तोंडाशी माती व रेशीम यांच्या थरांचं झाकण बसवतो. झाकणाला एका बाजूला रेशमाचीच बिजागरी असते.

भारतात अशी झाकणं करणारे कोळी एकापेक्षा जास्त कुळांतले आहेत. त्यातली इडिओप्स ही प्रजाती (एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट) आपल्याला जवळची. मुंबईच्या नावानं ओळखली जाणारी इडिओप्स बॉम्बेयेन्सिस ही जात २००५ साली शास्त्रात नोंदली गेली, आणि खानापूरच्या पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्याच्या नावाची इडिओप्स जोयडा २०१३ साली. जोयडा हा दाट पावसाचा, जंगलाचा मुलूख. आपण बोलतोय ते बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या झुडपी माळाबद्दल. म्हणून इथं झाकण सापडलं की त्याला लगेच जोयड्याचं नाव चिकटवू नका. जात ठरते ती प्रौढ नराच्या स्पर्शपादांवरून (तोंडाजवळच्या पायांसारख्या दोन छोट्या अवयवांवरून) आणि मादीच्या जननेंद्रियाच्या रचनेवरून, तेही सूक्ष्मदर्शकाखाली. वहीत "झाकणवाला कोळी" एवढंच लिहा. ते खरं असतं आणि पुरेसं असतं.

इडिओप्सच्या कुळाची एक खूण मात्र चांगल्या फोटोत दिसू शकते. आठ डोळ्यांपैकी दोन बाकीच्यांना सोडून पार पुढे, सुळ्यांच्या वरच्या कडेशी येऊन बसलेले असतात.

कधी निघायचं

उन्हाळ्यात निघालात तर हात हलवत परत याल. माती कडक झालेली असते, आणि कोरड्या मुलखातले हे कोळी पुष्कळदा झाकण आतून रेशमानं सांधून टाकतात. एक-दोन वळीव चांगले लागून गेले की माती मऊ होते आणि आतला जीव दुरुस्तीला लागतो. कर्नाटकी बेंदराच्या आगेमागे, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला, माझी पहिली फेरी असते. अथणीकडे मृगापेक्षा परतीच्या पावसाचाच भरवसा जास्त, म्हणून दुसरी मोठी फेरी उत्तरा-हस्ताच्या पावसानंतर.

शोधायला मात्र सगळ्यात चांगला महिना मार्गशीर्ष. पाऊस संपलेला असतो, गवत खाली बसलेलं असतं, आणि सकाळचं ऊन इतकं तिरपं येतं की सपाट जमिनीवरचा केसाएवढा उंचवटासुद्धा सावली टाकतो. सूर्य उगवल्यापासून पहिला दीड तास कामाचा. दहानंतर तीच जागा बघा, काही दिसणार नाही.

कुठं बघायचं

काळ्या रानात मला आजवर एकही झाकण सापडलेलं नाही. उन्हाळ्यात काळी माती हात हात फाटते, तिथं रेशमी नळी टिकणार कशी? मला झाकणं मिळाली ती तांबड्या मुरमाड मातीत. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या बाजूला वालुकाश्माच्या टेकड्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी पाण्यानं आणून सोडलेली बारीक तांबडी माती असते, तिथं आधी बघावं. रायबाग-अथणीच्या माळावर खडक उघडा पडलेला असतो. तिथं खडकाच्या दोन पाठींमध्ये माती साचलेले पट्टे धरा.

त्यातही उताराला तोंड करून असलेली जागा. ओढ्याची, पाणंदीची किंवा जुन्या बांधाची उभी कड, माणसाच्या गुडघ्याएवढी. तिथं पावसाचं पाणी थांबत नाही, बिळात शिरत नाही. करवंदीची, बोरीची नाहीतर तरवडाची जाळी असेल तर तिच्या सावलीची कड बघा. भर उन्हातला मोकळा तुकडा नको आणि दाट पालापाचोळाही नको. मातीवर शेवाळाची किंवा दगडफुलाची पातळ साय धरलेली असेल तर ती फार चांगली खूण. याचा अर्थ ती माती कित्येक वर्षं कुणी हलवलेली नाही. कोळ्याला तीच हवी असते, आणि झाकणावर लावायला तो तीच साय वापरतो. म्हणूनच ते दिसत नाही.

नजर कशी बसवायची

चालत शोधू नका, बसून शोधा. चार पावलं लांब आणि चार पावलं रुंद एवढा तुकडा मनात आखा. सूर्याकडे तोंड करून उकिडवे बसा, म्हणजे सावल्या तुमच्याकडे येतील. मग झाकण शोधायचंच नाही. शोधायची रेघ. निसर्गात गोल रेघ फार कमी असते. भेगा वाकड्या जातात, गवताची मुळं फाटे फोडतात, पण झाकणाची कड कंपासानं काढल्यासारखी फिरते आणि बिजागरीच्या बाजूला सरळ होते. पूर्ण गोलापेक्षा अर्धचंद्र किंवा आडवा पाडलेला इंग्रजी डी, असं ते रूप. पहिलं सापडायला मला मामांशिवाय तीन सकाळी लागल्या. चौथ्या सकाळी एकाच बांधावर पाच दिसली. एकदा नजर बसली की बसली.

आणि एक सापडलं की उठू नका, कारण खरा खजिना त्याच्या भोवती असतो. मादी बिळातच अंडी घालते, पिल्लं बरेच दिवस आईजवळ राहतात, आणि बाहेर पडली की बहुतेक जण चालतच थोडं अंतर जाऊन आपलं इवलंसं बीळ करतात. त्यामुळे मोठ्या झाकणाच्या आसपास ज्वारीच्या दाण्याएवढी, तुरीच्या डाळीएवढी झाकणं विखुरलेली असतात. ती पायाखाली जाण्याची भीती सगळ्यात जास्त. म्हणून पहिलं मोठं झाकण दिसताच बूट जिथं आहेत तिथंच ठेवा आणि नजरेनं भोवतालचं तपासून मगच पुढचं पाऊल टाका.

चुकायच्या जागाही सांगतो. झाकण नसलेलं आणि तोंडाशी काड्या-रेशमाची छोटी भिंत असलेलं बीळ बहुधा लांडग्या कोळ्याचं. मोठं उघडं तोंड आणि भोवती पांढऱ्या रेशमाची झालर, तर मोठा केसाळ कोळी असावा. आडवं, चपटं, चंद्रकोरीसारखं तोंड दिसलं तर हात लांब ठेवा, ते विंचवाचं असतं. ओढ्याकाठी चिखलाच्या गोळ्यांची रास असलेलं भोक खेकड्याचं, हे तर आपल्याकडच्या पोरांनाही सांगावं लागत नाही.

उघडायचं नाही, मग खात्री कशी करायची

इथं माझं मत ठाम आहे. काडीनं किंवा चाकूच्या टोकानं झाकण उचलून बघायची सवय पुष्कळांना असते, फोटोही छान येतो. पण आतली मादी नख्या रोवून झाकण आतून ओढून धरते. तुम्ही जोर लावलात तर बिजागरी फाटते. बिजागरी फाटली की झाकण नीट बसत नाही, आणि न बसणारं झाकण म्हणजे मुंग्यांना, गोमेला, कोळी पकडणाऱ्या गांधीलमाशीला उघडं दार. नवीन रेशीम काढायला अंगातली ताकद लागते, ती पोटाला मिळालेल्या किड्यांतून येते, आणि हा प्राणी आठवड्यात किती किडे खात असेल? आपल्या एका फोटोची किंमत तो भरतो.

खात्री करायची ती रात्री, बसून. लागतं एवढंच: लाल जिलेटिनचा कागद बांधलेली बॅटरी, खाली अंथरायला पोतं, आणि सोबत एक माणूस. तिन्हीसांजेच्या आधी जाऊन झाकणापासून पाच-सहा हातांवर बसा, मग हलू नका. या कोळ्याला दिसतं कमी, पण जमिनीची थरथर पायांतून कळते. तुम्ही पाय हलवला की तो अर्धा तास वाया. बोलणं कुजबुजीत चालतं, पाय आपटणं चालत नाही.

अंधार पडला की बघता बघता झाकणाची कड काडीच्या जाडीएवढी उचलली जाते. फटीत पुढच्या पायांची टोकं दिसतात, काळसर, चकचकीत, ओळीनं मांडलेली. ती तशीच राहतात, तासभर, दोन तास. मग एखादा भुंगेरा किंवा वाळवीचा कामकरी जवळून जातो आणि झाकण उघडल्याचं व मिटल्याचं तुम्हाला एकत्रच कळतं. मधलं काही दिसत नाही. मागचे पाय बिळाच्या काठाला धरून तो फक्त पुढचं अंग बाहेर फेकतो आणि भक्ष्यासकट आत. मी हे आजवर सहा वेळाच पाहिलंय. सहाही वेळा माझा श्वास अडकला होता.

प्रत्येक झाकणावर रात्र काढणं शक्य नसतं. दिवसा वागणुकीच्या खुणा बघा. कडेला ताज्या मातीचे गोळे, पावसानंतर नव्यानं चिकटवलेलं शेवाळ, घट्ट बसलेली कड, यातलं काहीही असेल तर घर वसतं आहे. झाकण वाकडं झालंय, आत कचरा दिसतोय, कडेला जाळी धरलीय, तर बहुधा रिकामं.

क्रमांक आणि वही

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि याला एक मोठा आधार आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पट्ट्यातल्या उत्तर बुंगुल्ला या राखीव झुडपी रानात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेनं १९७४ पासून झाकणवाल्या कोळ्यांची एकेक बिळं खुंट्या ठोकून क्रमांकानं नोंदली. जात गायस व्हिलोसस, कुळ इडिओप्सचंच. त्यातली सोळा क्रमांकाची मादी जन्मभर त्याच एका बिळात राहिली. २०१६ साली तिचं झाकण भोसकलेलं आढळलं, परजीवी गांधीलमाशीचं ते काम. तेव्हा तिचं वय ४३ वर्षं होतं. जगात नोंद झालेला सगळ्यात दीर्घायुषी कोळी तो. हे कळलं ते खुंटी, क्रमांक आणि पुन्हा पुन्हा तिथं जाणं यामुळे. कुणी ते बीळ खणलं असतं तर काय कळलं असतं?

आपल्या माळावर लोखंडी खुंट्या नकोत. मेंढरांच्या खुरांना लागतात, आणि चमकणारी वस्तू दिसली की पोरं उपटतात. मी मुठीएवढा चपटा दगड झाकणाच्या बरोबर उत्तरेला एक मीटरवर ठेवतो. तैलरंगानं क्रमांक लिहितो तो जमिनीला टेकणाऱ्या अंगाला. वाचताना दगड काठीनं पलटायचा, हातानं कधीच नाही.

मोबाईलवरचं स्थान घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. मोकळ्या माळावरही ते तीन-चार मीटर इकडं तिकडं होतं, आणि इथं आपल्याला बोटाएवढी वस्तू शोधायची असते. म्हणून दोन पक्क्या खुणा धरा. एक हद्दीचा दगड आणि एक जुनं हिवराचं झाड, असं काहीतरी. दोन्हीपासून झाकणापर्यंतची अंतरं टेपनं मोजून लिहा. दोन दोऱ्या जिथं मिळतात तिथं झाकण. पुढच्या वर्षी शेवाळानं ते पार झाकून टाकलं तरी सापडतं.

माप घेताना पट्टी झाकणाला टेकवू नका. दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवून सरळ वरून फोटो काढा. नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून झाकणाची रुंदी घरी बसून काढता येते. कोळी वाढतो तसं बीळ रुंद करतो, झाकणही वाढतं, म्हणून वर्षानुवर्षं लिहिलेली ही रुंदी म्हणजे त्याच्या वाढीचाच हिशोब.

वहीत माझ्या एका झाकणाची नोंद अशी असते: क्रमांक ७. जुन्या बांधाची पूर्वेकडची कड. उतार मध्यम. तरवडाची सावली दुपारनंतर. झाकण जाड, बुचासारखं, वर दगडफूल. रुंदी १९ मिलिमीटर. घट्ट मिटलेलं, कडेला ताजी माती. आसपास लहान झाकणं ४. काल रात्री पाऊस. यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही, पण यातलं काही गाळूही नका. झाकण सापडलं नाही तर तेही लिहा. "दिसलं नाही" आणि "रिकामं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या मिसळल्या की सगळा हिशोब चुकतो.

महिन्यातून एक फेरी पुरे. रोज जाल तर तुमच्याच पायवाटेनं ती जागा खराब होईल.

पावसात बाहेर फिरणारे नर

मोठे झालेले नर बीळ सोडतात आणि माद्यांच्या शोधात हिंडतात, बहुतेक पावसाळी रात्री. त्यानंतर ते पुन्हा घर करत नाहीत, त्याच हंगामात संपतात. लांब सडपातळ पाय, तोंडाजवळच्या दोन स्पर्शपादांची टोकं फुगलेली. मळ्यातल्या घराच्या न्हाणीत, पाण्याच्या हौदात, शेणीच्या ढिगाजवळ असा कोळी दिसला की लोक चप्पल काढतात. त्यापेक्षा रुंद तोंडाचा डबा त्याच्यावर उपडा घाला, खालून पुठ्ठा सरकवा, वरून आणि समोरून दोन फोटो घ्या आणि बांधाकडं सोडून द्या. त्याचा चावा माणसाचा जीव घेत नाही, पण सुळे मोठे असतात, दुखतं. हातात घ्यायचं कारणच नाही. अशा नराचे फोटो जातीच्या ओळखीसाठी फार कामाचे, म्हणून तारीख, वेळ आणि पाऊस लिहायला विसरू नका.

फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकताना नेमकी जागा झाकून ठेवा, तालुका दिसला तरी बास. केसाळ आणि बिळातल्या कोळ्यांची चोरून विक्री होते. नेमकं ठिकाण उघड करणं म्हणजे खणणाऱ्याला वाट दाखवणं.

स्वतःचा जीव

या माळावर खरी भीती कोळ्याची नाही, फुरशाची आहे. वीतभर-हातभर लांबीचा, मातीच्याच रंगाचा साप, दगडाखाली नाहीतर झुडपाच्या बुडाशी वेटोळं करून बसतो. घोटे झाकणारे बूट घाला. बसण्याआधी जागा काठीनं आपटून घ्या. हे झाकणापासून लांब असतानाच करायचं, जवळ गेल्यावर नाही. लाल विंचूही असतात, त्यामुळे रात्री पोतं अंथरण्याआधी आणि गुंडाळण्याआधी झटकायचं. साप किंवा विंचू चावला तर मांत्रिक नको, चिरणं-बांधणं नको. १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा. एकट्यानं रात्री जाऊ नका. आणि जागा वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या. गायरान असेल तर पंचायतीत आणि तिथं मेंढरं चारणाऱ्यांना सांगून ठेवा. मला आजवर सगळ्यात जास्त मदत मेंढरं चारणाऱ्यांचीच झाली आहे. मराठीत "बिळातला कोळी" म्हणून कळलं नाही तर कन्नडमध्ये "जेड" म्हणा आणि बोटांनी झाकण उघडल्याची खूण करा. ज्यानं पाहिलंय त्याचा चेहरा लगेच बदलतो.

माळ हलवला की

मेंढरांच्या खुरांनी चार झाकणं मोडतात, ती पुन्हा होतात. वणव्यातही खोल बिळातले पुष्कळ वाचतात. वाचत नाहीत ते मुरूम काढताना. जेसीबीनं वीतभर माती खरवडली की आईपासून पिल्लांपर्यंत अख्खी वस्ती एका दुपारी जाते. पिल्लं चालून फार लांब जात नसल्यामुळे ती जागा बाहेरून पुन्हा भरून यायला किती काळ लागेल, कोण सांगणार? माझ्या वहीतली क्रमांक १२ ते २१ ही दहा झाकणं अशीच गेली. दुसऱ्या दिवशी तिथं फक्त पट्ट्यांच्या खुणा होत्या.

आणखी एक, जे बोलायला मला जड जातं कारण त्यामागं चांगला हेतू असतो. माळ ओसाड दिसतो म्हणून तिथं ओळीनं खड्डे काढून झाडं लावली जातात. झाडं लावावीत, पण गावाच्या कडेला, पाणंदीला, शाळेच्या आवारात. ज्या मातीवर दगडफुलाची साय आहे तिथं खड्डा काढण्याआधी एक मार्गशीर्षातली सकाळ त्या जागेला द्या. वर सांगितलंय तसं उकिडवं बसून बघा. रेघ दिसली तर खड्डा दहा पावलं सरकवा. नागपंचमीला आपल्याकडे जमीन खणत नाहीत, नांगरत नाहीत. वारुळाजवळ जाऊन दूध ठेवणाऱ्या आयाबायांना हे समजावून सांगावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे. आमच्या पंचायतीत नकाशा घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा होकार दिला तो दोन सदस्य बायकांनीच.

वही कुणाला द्यायची

शेवटची पायरी सुरुवातीलाच करून टाका. सोळा क्रमांकाच्या मादीची पहिली नोंद करणारी व्यक्ती आणि तिचं मोडलेलं झाकण बघणारी व्यक्ती एक नव्हती. मधे माणसं बदलली, काम चालू राहिलं. तुमच्या बांधावरची मादीही कदाचित तुमच्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं तिथं असेल. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाला समजेल अशा भाषेत, पहिल्या दगडापर्यंत जायची वाट लिहा: कुठल्या गावच्या एसटी थांब्यावर उतरायचं, कुठली पाणंद धरायची, किती पावलांवर हिवर. जमलं तर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. माझं पहिलं पान मी मराठीत लिहिलं. कन्नडमधलं माझ्या वर्गातल्या एका मुलीनं लिहून दिलं. ती आता पावसाळ्यात माझ्यासोबत येते, आणि क्रमांक ७ चा दगड तीच पलटते, काठीनं.